तुम्ही विचारलंत म्हणून: खाजगी गाइडचे पैसे वसूल झाले का?

फ्रान्सहून आल्यापासून लग्नाच्या पंगतीत, बारशाला, अगदी धंतोलीतल्या दवाखान्यात नंबर लावून बसलो असतानाही हाच प्रश्न येतो. लुआर नदीकाठचे राजवाडे आणि द्राक्षमळे आम्ही टूर कंपनीबरोबर न जाता खाजगी गाइड घेऊन पाहिले, ही बातमी कुणीतरी नागपूरभर केली आहे. एका मित्राने तर सरळच विचारलं, "काऊन गा, मोबाइल नव्हता का तुझ्याजवळ?"

होता. आणि शांबोरला गाइडवाचून भागतंही. पहिल्या फ्रान्स्वा राजाने १५१९ मध्ये बांधायला घेतलेला हा अवाढव्य वाडा. त्याच्या मधोमध एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत. एकाने चढणारा दुसऱ्याने उतरणाऱ्याला आडवा येत नाही, मधल्या झरोक्यांतून नुसता दिसतो. कल्पना लिओनार्दो दा विंचीची असावी म्हणतात, पण तो त्याच वर्षी मे महिन्यात जवळच्या आंब्वाजला वारला, बांधकाम सुरू व्हायच्या आधीच. हे सगळं तिथे भाड्याने मिळणाऱ्या टॅबलेटवर चित्रांसकट कळतं. जिना चढून बघायला गाइड कशाला हवा? माझं ऐकाल तर तिथे तरी पैसे वाचवा.

शनोन्सोची गोष्ट वेगळी. हा वाडा शेर नदीवर, अक्षरशः पाण्यावर उभा आहे. राजा दुसरा हेन्री याने तो आपल्या प्रेयसीला, दियान द प्वातियेला दिला, तिने नदीवर पूल बांधवला. १५५९ मध्ये राजा गेला आणि राणी कातरिन द मेदिचीने लगेच वाडा परत घेऊन सवतीला शोमोंच्या वाड्यात धाडलं. मग त्याच पुलावर तिने नाचगाण्यासाठी लांबलचक दालन चढवलं. इथवरचं कुणीही सांगेल, आपल्याकडच्या मालिकांत याहून जास्त भानगडी असतात.

आमच्या गाइडबाईंनी मात्र आम्हाला दालनाच्या पार टोकाच्या दारापाशी नेऊन उभं केलं. साधंच दार, लोक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होते. पहिल्या महायुद्धात याच दालनात जखमी सैनिकांच्या खाटा होत्या. पुढे १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्सची फाळणी केली तेव्हा सीमारेषा या शेर नदीवरून गेली. म्हणजे वाड्याचं मुख्य दार जर्मनांच्या ताब्यात आणि हे मागचं दार पलीकडच्या मुलखात. जीव वाचवायला निघालेली माणसं नाचाच्या दालनातून चालत नदी ओलांडून गेली. बाई एवढं बोलून गप्प झाल्या आणि बराच वेळ आम्हाला तिथून हलवलंच नाही. पंचेचाळीस जणांच्या बसवाल्या टूरला एका दारापाशी इतका वेळ परवडत नाही. आणि आपला सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे, वर्षातून मोजक्या दिवशी उघडणारा. किल्ल्यात रेंगाळायची आपल्याला सवयच कुठे आहे?

एक गोष्ट बुकिंगआधी जरूर विचारा. फ्रान्समध्ये वाड्याच्या आत माहिती सांगायला गाइडकडे सरकारी परवाना लागतो. पुष्कळ 'ड्रायव्हर-गाइड' नुसते ड्रायव्हर असतात. रस्ताभर छान बोलतील, पण फाटकाशी उतरवून "दोन तासांनी भेटू" म्हणतील.

आता वाइन. शेजारी वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळे हा प्रश्न लोक आवाज खाली करून विचारतात. व्हूव्रे गावात शेनिन ब्लां नावाची द्राक्षं होतात, तीच आता आपल्या नाशिककडेही लावतात. वाडे बांधायला तिथल्या टेकड्यांतून पांढरा मऊ दगड काढला, त्या खाणींचीच पुढे वाइनची तळघरं झाली. आत बारा महिने सारखाच गारवा, भिंतीला हात लावला की ओल लागते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी चढलेली. मळेवाला ती पुसत नाही, उलट कौतुकाने दाखवतो. एकाच द्राक्षाची कोरडी, अर्धगोड, गोड आणि फेसाळ अशी वाइन तो ओतत गेला. ज्यांना घ्यायची नसेल त्यांनी घोळवून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, कुणी वाईट मानत नाही.

पण मला चवीपेक्षा गप्पांत रस. आमची संत्र्याची बाग काटोलकडे, म्हणून मी त्याला बहाराचं, म्हणजे फुलोऱ्याच्या हंगामाचं विचारलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला फ्रेंच. बाई मधे बसून दोन्हीकडचं सांगत होत्या. एप्रिलमध्ये कोंब फुटले की गोठलेलं दव पडतं, मग रात्रभर मळ्यात मेणबत्त्या पेटवून बसतात, असं तो म्हणाला. मी त्याला ऐन फेब्रुवारीतली आपली गारपीट सांगितली. आपण झाडाचं पाणी तोडून ताण देतो आणि हिवाळ्याअखेरचा आंबिया बहार धरायचा की पावसाळ्यातला मृग हे ठरवतो, हे ऐकून तो चाट पडला. त्यांच्याकडे वेलींना पाणी देण्यावरच कडक निर्बंध आहेत. बाईंची खरी मजुरी मी या तासात वसूल केली.

खर्चाचं म्हणाल तर खाजगी गाइडचे पैसे साधारण दिवसाचे असतात, माणशी नव्हे. दोन कुटुंबं मिळून गेलात तर झेपतं. तिकिटं आणि वाइनचे पैसे बहुधा वेगळे. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी चालते, तेव्हा मळेवाल्याला तुमच्याशी बोलायला उसंत नसते, म्हणून मी मे सुचवेन. नागपूरच्या उन्हातूनही सुटका.

राहिला शेवटचा प्रश्न, व्हेज मिळतं का? मिळतं, पण तिथलं प्रसिद्ध बकरीचं चीज, मधोमध गवताची काडी घातलेलं, बहुधा प्राण्यांच्या रेनेटने, म्हणजे वासराच्या जठरातल्या रसाने, विरजलेलं असतं. काकू कडक शाकाहारी असतील तर गाइडला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर त्या पनीर समजून दुसऱ्यांदा वाढून घेतील.