भुंग्याच्या कमरेतला माइट

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुलुंडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा फोटो माझ्याकडे आला, त्यावरचा माइट, म्हणजे कोळ्याच्या कुळातला बारीक आठ पायांचा जीव, ओळखून द्यायला. तानसा पाइपलाइनजवळच्या रुईवर बसलेला मोठा काळा भुंगा (लाकूड पोखरून घरटं करणारी माशी), पंखांवर निळी-हिरवी झाक, अंगावर तीन ठिकाणी लाल गोल काढलेले. खाली एक ओळ: ‘मॅडम, हा व्हरोआच ना? पट्ट्या आणून ठेवल्यात.’ व्हरोआ हा मधमाश्यांवर जगणारा माइट. काकांच्या गच्चीवर सातेरीची, म्हणजे भारतीय मधमाशीची, मधपेटी आहे आणि पट्ट्या होत्या फ्लुव्हॅलिनेट या माइटनाशकाच्या. ओळख चुकली असती तर ते औषध मेणात उतरलं असतं, आणि मेणात उतरलेलं फ्लुव्हॅलिनेट लवकर जात नाही.

‘काका, पट्ट्या पाकिटातच राहू द्या. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, न कापता,’ एवढंच कळवलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो १६०० पिक्सेल रुंद होता, मूळ फाइल ६०००. त्यांचा कॅमेरा फुल फ्रेम, सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, लेन्स १:१ वर, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या मापाची पडते. म्हणजे मूळ फाइलमध्ये एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा. एक मिलिमीटरचा माइट तिथे १६७ पिक्सेल भरतो, व्हॉट्सअ‍ॅपवर जेमतेम ४४. चव्वेचाळीस पिक्सेलमध्ये तपकिरी ठिपका दिसतो, पाय मोजता येत नाहीत. या हिशोबावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, म्हणून काकांना सांगितलं की ऑटोफोकस बंद ठेवून, फोकसची रिंग न हलवता, आलेख कागदाचा एक फोटो काढा. मिलिमीटरला १६६ पिक्सेल आले. आता मोजायला हरकत नव्हती.

पहिला लाल गोल मागच्या पायावर होता. पुढे गडद तपकिरी, कडक ठिपका आणि त्याला दोन बाजूंना चपट्या पिवळसर पिशव्या. डोकं आणि अंग असल्यासारखं दिसतं, पण पाय एकही नाही आणि दोन्ही बाजू आरशात धरल्यासारख्या सारख्या. ही रुईची परागपिशव्यांची जोडी. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात तीच ही रुई. तिचा पराग भुकटीसारखा उडत नाही. फुलाच्या चिरेत भुंग्याचा पाय अडकतो आणि ओढून काढताना ही जोडी चिमट्यासारखी पायाला चिकटून येते. रुईवरच्या भुंग्याचे पाय आधी याच संशयाने बघायचे. माइट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत ही जोडी इतक्यांदा निघाली आहे की आता मी पहिला प्रश्न ‘फूल कोणतं?’ असाच विचारते.

दुसरा गोल कमरेपाशी. इथे खरा माइट होता.

माइट बघण्याआधी मी भुंगा बघते. शृंगिकेचे खंड बारा, म्हणजे मादी. नराला तेरा असतात. पंख आणि आकारावरून लॅटिपेस–टेन्युइस्कापा या भुंग्यांच्या दोन सारख्या दिसणाऱ्या प्रजातींतली वाटली. या गटातल्या माद्यांच्या पोटाच्या पहिल्या खंडात, पुढच्या बाजूला, माइटसाठीच एक पोकळी असते. पर्किन्सने १८९९ मध्ये तिचं वर्णन केलं. पुढे तिला अ‍ॅकॅरिनेरियम हे नाव पडलं. तिचं तोंड छातीकडे असल्याने भुंगा सरळ बसला की काहीच दिसत नाही. फुलात घुसताना त्याने पोट खाली वाकवलं की फट उघडते. काकांच्या चौदा फोटोंपैकी अकराव्यात ती उघडली होती आणि फटीच्या काठावर तीन फिकट तपकिरी माइट बसले होते.

त्यांतला एक नीट आडवा सापडला: लांबी २३० पिक्सेल, रुंदी १६०. म्हणजे सुमारे १.४ मिलिमीटर लांब आणि एकापेक्षा थोडा कमी रुंद. प्रौढ व्हरोआ मादी याच्या उलट असते, सुमारे १.१ लांब आणि १.६ रुंद, तांबूस, पाठीवरून खेकड्यासारखी आडवी. शिवाय व्हरोआची वीण होते ती मधमाश्यांच्या पोळ्यात. ती फुलावर चुकून दुसऱ्या कीटकावर चढल्याच्या नोंदी आहेत, पण कमरेच्या फटीत तिघी एका रांगेत बसणार नाहीत. ट्रोपिलीलॅप्स हा दुसरा माइट लांबट असतो खरा, पण तोही मधमाशीचाच, आणि अळ्या नसतील तर माशीच्या अंगावर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. यजमान (ज्याच्या अंगावर माइट राहतो तो कीटक) आणि जागा धरून डायनोगॅमसस या, भुंग्यांच्या पोकळीत राहणाऱ्या माइटचं नाव पुढे आलं.

मध्ये एक घोळ झाला. काकांनी उत्साहाने पाच फोटो जोडून सगळीकडे नीट फोकस असलेला एक फोटो पाठवला आणि त्यात माइटला दहा पाय निघाले. पाच फोटो काढेपर्यंत माइट सरकला होता. हलणाऱ्या जिवावर असं फोटो जोडायचं काम, म्हणजे स्टॅकिंग, करायचं नाही. १:१ ला, एफ/११ वर, फोकसची खोली सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून कॅमेरा भुंग्याच्या कुशीला समांतर धरायचा आणि कमरेवर एकच नीट फोटो घ्यायचा. अ‍ॅपमधलं शार्पनिंगही बंद. ते नसलेल्या कडा काढतं आणि असलेले केस पुसतं. माइटच्या ‘डोक्यावरचे’ दोन पांढरे ठिपके डोळे नव्हते, दोन फ्लॅशची प्रतिबिंबं होती. या गटातल्या माइटना डोळे नसतात.

तिसरा गोल छातीच्या केसांवर: पांढुरक्या कणांचा झुबका, एकेक कण चाळीसेक पिक्सेल. पाव मिलिमीटरचा हा सेनर्शिया नावाचा दुसरा माइट असावा. भुंग्यावर दिसते ती त्याची प्रवासी अवस्था. तिला खायला तोंड नसतं, केस धरून घरट्यापर्यंत जायचं एवढंच काम. फोटोवर मी मात्र ‘असावा’वरच थांबले.

तीन दिवसांनी सोसायटीच्या मांडवाच्या बांबूखाली एक मादी मेलेली सापडली. यजमान मेला की माइट उतरून जातात, म्हणून काकांना आधीच सांगून ठेवलं होतं: चिमट्याने उचला, लगेच ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका, आणि बाटलीच्या तळाचा गाळ ओतू नका. गाळात चार माइट निघाले, पोकळी सुईने उघडल्यावर आणखी पाच. लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये किंचित गरम करून पारदर्शक केले आणि हॉयरच्या माध्यमात (नमुना काचेवर बसवायचं द्रावण) पोट वर करून बसवले, कारण ओळखीच्या ढाली आणि केस पोटाच्या बाजूला असतात. मुंबईत हॉयरचा त्रास असा की ते हवेतलं पाणी ओढतं. ४५ अंशाला आठवडाभर सुकवून कडा नेलपॉलिशने बंद केल्या नाहीत, तर जुलैत काच सरकते आणि नमुना गेला. चारशेपट मोठं करून पाहिल्यावर डायनोगॅमसस पक्का झाला. प्रजाती मी लिहिली नाही.

सेक्रेटरींना बांबूवर फवारणी हवी होती. हे माइट भुंग्याच्या अंगावर आणि घरट्यातच जगतात, माणसाला चावत नाहीत, असं लिहून दिल्यावर ते थांबलं.

राहिली मधपेटी. अर्धा कप माश्या (राणी त्यात नाही हे दोनदा बघून) जाळीच्या झाकणाच्या बरणीत घेतल्या, दोन चमचे पिठीसाखर टाकून मिनिटभर घोळवल्या, दोन मिनिटं ठेवल्या आणि पांढऱ्या ताटात साखर झटकली. पाणी शिंपडून साखर विरघळवली, माइट शून्य. मग नरांची घरं उघडली. सातेरीत ती पटकन ओळखू येतात, टोपी उंचवट्याची आणि मधोमध बारीक भोक. तीस घरांपैकी दोनांत व्हरोआ निघाली, अस्सल. सातेरीत तिची वीण नरांच्या घरापुरती राहते, कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरून तिला ओढून काढतात. बाहेरून आणलेल्या मेलिफेरा मधमाशीला हे तितकं जमत नाही. तीसात दोन म्हणजे पट्टी लावण्यासारखं काही नाही.

काकांनी त्या दोघींचा फोटो त्याच आलेख कागदावर, त्याच रिंगवर काढला: लांबी १८३ पिक्सेल, रुंदी २६५. व्हरोआच्या प्रजातींतली डिस्ट्रक्टर की जेकबसोनी, ते फोटोवरून सांगणार नाही, असं मी कळवलं. २००० सालापर्यंत दोन्हींना जेकबसोनीच म्हणत होते. पट्ट्यांचं पाकीट दुकानदाराने परत घेतलं नाही.