पूजा आटोपशीर करायची तर कुठून

गुरुवार, रात्री

सोळा उपचार रोज जमत नाहीत म्हणून पूजाच बंद करणारे पुष्कळ. वास्तविक काटछाट कुठे करायची हे परंपरेनेच ठरवून दिलंय: षोडशोपचार, नाही तर पंचोपचार, तेही नाही तर मानसपूजा. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य या पाचांना दहा मिनिटं पुरतात. अलंकार नसले तर ‘अलंकारार्थे’ म्हणत अक्षता वाहायच्या.

संध्यावंदनाचंही तेच. वेळ टळली तर नेहमीच्या तीन अर्घ्यांवर प्रायश्चित्ताचं चौथं अर्घ्य द्यायचं आणि पुढे चालू लागायचं. गायत्री 108 वेळा जमत नसेल तर 28, नाही तर 10. माणसाला उशीर होणार हे रचणाऱ्यांना चांगलं ठाऊक असावं. (आपणच त्यांच्यापेक्षा कडक होतो आणि चार दिवसांत सगळं सोडून देतो.)

हिशेब फसतो तो जपात. तीन सेकंदांचा नाममंत्र धरला तरी 108 मण्यांची माळ साधारण साडेपाच मिनिटांची. ‘रोज 11 माळा’ हा संकल्प ऐकायला लहान, पण झाला तासाभराचा नेम. मग घड्याळाकडे बघत अक्षरं गिळली जातात, बोटं पुढे आणि नाम मागे. त्यापेक्षा एकच माळ, मेरू (माळेच्या टोकाचा मुख्य मणी) न ओलांडता, सावकाश. नेम सगळ्यात धावपळीच्या दिवसाला झेपेल एवढाच धरावा. सुटीच्या दिवशी हवा तितका वाढवता येतो. उपचार कमी झाले तर चालतं, मंत्राचा वेग वाढवलेला मला तरी पटत नाही.

पितळी मूर्तींना रोज पंचामृत नको. दूध, दही, मध कोरीव भागात अडकतं, वास धरतं, मूर्ती काळपट पडते. तांब्याच्या ताम्हणात पंचामृत तसंच राहिलं तर दह्याच्या आंबटपणाने तांबं त्यात उतरतं. ते तीर्थ म्हणून घेऊ नये. रोज साधं पाणी, पंचामृत सणावारी, तेही लगेच धुऊन. मूर्ती कोरड्या फडक्याने टिपून मगच गंध लावावं, ओलीवर ते ओघळतं. सहाणेवर उगाळायला वेळ नसेल तर चंदनाची पूड चालते, फक्त थेंब थेंब पाणी घालून दाटच कालवावी.

शिळी फुलं वाहत नाहीत, पण तुळस आणि बेल शिळे मानत नाहीत. बेलाचं पान धुऊन पुन्हा वाहता येतं, म्हणून रोज फुलं मिळत नसतील तिथे हा मोठा आधार. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, ती आधीच काढून ठेवावी.

आणि समई तेवत ठेवून दार ओढून कधीही निघू नये. निरांजनात तुपात भिजवलेली एकच फुलवात लावावी, पूजा आटपेपर्यंत ती पुरते. त्याआधीच निघायचं असेल तर फुंकर न मारता फुलाने ज्योत शांत करावी.