जठरातली फुगलेली शीर आणि ग्लू : दुर्बिणीच्या टेबलाजवळून

छत्रपती संभाजीनगरात दुर्बिणीच्या खोलीत इंजेक्शनची सुई आणि ग्लू माझ्या हातात असतो. ग्लू म्हणजे रक्ताला लागताच घट्ट होणारं औषधी चिकटद्रव्य; लिव्हरच्या आजारात जठरातली फुगलेली शीर फुटून रक्त जाऊ नये म्हणून ते शिरेत भरतात. नांदेड, हिंगोली, बीडकडून रात्रभर गाडीत बसून पेशंट येतात. निम्म्या केसेस सकाळीच लांबतात, कारण बसस्टँडवर उतरल्या उतरल्या दुधाचा चहा घेतलेला असतो. पोटात दूध असताना पेशंटला झोपवलं आणि उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. आदल्या रात्री आठनंतर काही खायचं नाही. सकाळची नाडीची गोळी, म्हणजे नाडीचे ठोके कमी करणारी, घोटभर पाण्याबरोबर घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. इन्सुलिनचंही तसंच. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका आणि लपवूही नका.

रिपोर्टवर 'जीओव्ही-२' किंवा 'आयजीव्ही-१' असं लिहिलेलं असतं. ही डॉ. शिवकुमार सरीन यांनी १९९२ मध्ये मांडलेली विभागणी. जीओव्ही-२ म्हणजे अन्ननलिकेतली शीर खाली जठराच्या वरच्या घुमटापर्यंत, फंडसपर्यंत, गेलेली. आयजीव्ही-१ म्हणजे शीर फक्त फंडसमध्ये. अन्ननलिकेतल्या शिरेला रबरी बँड चालतो. फंडसची शीर जाड असते, बँडमध्ये पुरती ओढली जात नाही. अर्धवट आवळलेला बँड गळाला की खालच्या जखमेतून जोरात रक्त जातं. म्हणून तिथे ग्लू. आधी सीटी करतात, कारण या शिरेतून डाव्या किडनीच्या शिरेकडे मोठी आडवाट निघालेली असू शकते. वाट रुंद असेल तर ग्लू वाहत फुप्फुसात जाण्याची भीती, मग डॉक्टर कॉइल (शिरेत ठेवायची धातूची बारीक गुंडाळी) किंवा रेडिओलॉजीचा मार्ग बघतात. जुन्या सीटीची सीडी घरी ठेवून येऊ नका.

टेबलावर डाव्या कुशीवर झोपवतो, कवळी काढतो, घशात बधिरीचा स्प्रे मारतो. "मामा, लाळ गिळू नका, बाहेर वाहू द्या, श्वास नाकाने घ्या." एवढं जमलं तर बाकी सोपं जातं.

खरी जोखीम पुढच्या मिनिटभरात असते. ग्लूची अँप्यूल अर्ध्या मिलिची. त्यात साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त लिपिओडॉल, म्हणजे एक्स-रेवर दिसणारं तेल, मिसळतो, म्हणजे तो सुईतच घट्ट होत नाही आणि एक्स-रेवरही दिसतो. लिपिओडॉल कमी पडलं तर सुई शिरेत चिकटते. फार झालं तर ग्लू उशिरा आवळतो आणि पुढे वाहतो. सुई धुवायला सलाइन वापरत नाही, त्यातल्या क्षारांनी ग्लू नळीतच जमतो; डिस्टिल्ड वॉटर घेतो. नळीत किती मिलि मावतं ते आधी मोजून ठेवते, कारण तेवढंच पाणी मागून ढकललं की ग्लू पूर्ण शिरेत उतरतो. दुर्बिणीच्या टोकाला सिलिकॉन तेल, सगळ्यांना चष्मे, पेशंटचेही डोळे झाकलेले. सुई काढल्यावर काही सेकंद सक्शनला कुणी हात लावायचा नाही. ग्लू चॅनलमध्ये ओढला गेला तर दुर्बीण जाम होते. म्हणून सुईची नळी आत ओढत नाही, दुर्बिणीबरोबरच बाहेर काढतो. शेवटी बोथट नळीने शीर दाबून बघतात: कडक लागली तर भरली, दबली तर अजून अर्धा-एक मिलि.

दुपारची गाडी धरायची घाई करू नका, एक रात्र राहा. पहिले काही तास थंड पेय, मग मऊ भात, ज्वारीच्या कण्या, ताक. भाकरीचे कडक कोर दोन-तीन दिवस नको. बारीक ताप आणि पोटात जडपणा एक-दोन दिवस चालतो. पण अचानक दम लागला, छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर त्याच क्षणी दवाखाना.

कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी दुखीची गोळी या लोकांना विष आहे. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते, कारण नेमकं तेच विसरतात. दारू तर पूर्ण बंद. पाय सुजत असतील तर मिठाचा ठेचा, पापड, लोणचंही नको.

नाडीची गोळी, बहुधा कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, ग्लूनंतरही डॉक्टर सांगतील तोवर रोज. चक्कर येत असेल किंवा वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर दाखवून घ्या, परस्पर सोडू नका.

पुढची दुर्बीण साधारण दोन ते चार आठवड्यांनी, शीर कडक होईपर्यंत. रक्त येत नाही म्हणून ही तारीख चुकवणारे मी फार पाहते. भरलेली शीर पुढे आतून ग्लूचा गोळा जठरात टाकते, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. त्या वेळी तिथून रक्त येऊ शकतं. शौच डांबरासारखी काळी, चिकट, वासाची झाली तर ते रक्त. लोहाच्या गोळीनेही काळी होते, पण चिकट नसते. शंका आली तर रात्रीच निघा, सोबत जुना रिपोर्ट, आधार आणि रेशनकार्ड घ्या. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यातला योजनेचा माणूस, तिथेच बघतो.