थंब लागंना

कोल्हापुरात भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी घरी जाऊन करून देणं हे माझं काम. लॅपटॉप, वेबकॅम आणि बोटांचे ठसे घेणारं थंब मशीन एवढं सामान स्कूटीच्या डिकीत मावतं. ताराबाई पार्कातल्या फ्लॅटचा करार वीस मिनिटांत उरकतो, कारण तिथं मसुदा कुणी वाचत नाही. सुभाषनगर, यादवनगर, राजेंद्रनगर, फुलेवाडी या बाजूला दोन खोल्यांच्या करारासाठी मी दीड तास धरून निघते. तिथं माणसं एकेक ओळ ऐकून घेतात. साडेचार हजारांचं भाडं आणि वीस हजारांची अनामत म्हणजे त्यांच्या दृष्टीनं मोठा व्यवहार असतो, तो तेवढ्याच गांभीर्यानं व्हायला हवा असं मलाही वाटतं.

ही गोष्ट जानेवारीतली. मंगळवारी रात्री एका माणसाचा फोन आला. शाहूवाडीकडचा, शिरोलीच्या एका फाउंड्रीत फेटलिंगला. सुभाषनगरात दोन खोल्या घेतलेल्या. "मॅडम, शुक्रवारी आरटीईचा फॉर्म बंद व्हायलाय. आमचा करार चालंना म्हणत्यात." आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळेत मिळणारा मोफत प्रवेश, तो त्याला मुलीसाठी हवा होता. एका एजंटानं दीड हजार रुपये घेऊन त्याला स्टँपपेपरवर नोटरी करून दिली होती आणि अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही असं ठासून सांगितलं होतं.

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते आणि दर वेळी चिडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि नोंदवलेलाच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर पाच वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला, तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी न करून धोका मालकच पत्करतो, आणि हे बहुतेक मालकांना ठाऊकच नसतं. आरटीईच्या पंचवीस टक्के जागांसाठी भाडेकरूला राहण्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच लागतो. तो किमान अकरा महिन्यांचा आणि फॉर्म भरण्याच्या तारखेआधीचा हवा. नोटरी तिथं चालत नाही. दीड हजार घेणाऱ्याला हे माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

बुधवारी संध्याकाळी सहाला पोचले. बोळ अरुंद, स्कूटी कोपऱ्यावर लावून चालत गेले. घराच्या पुढच्या सोप्यात घरमालकीण मावशी चपलांच्या वेण्या घालत बसल्या होत्या. पासष्टीच्या असतील. बाजूला रापी, आरी, पाण्यात भिजत घातलेलं चामडं, भिंतीला टेकवून ठेवलेले तळ. हिरडा-बाभळीत कमावलेल्या चामड्याचा तो वास मला लहानपणापासून ओळखीचा, आमच्या शाळेची वाट याच भागातून होती. मागच्या दोन खोल्या भाड्याच्या. मोरी खोलीतच, संडास अंगणात, पाणी सकाळी येतं ते भरून ठेवायचं. रंग नवा होता. भाडेकरू नुकताच कामावरून आलेला, त्याची बायको आणि एक दोन वेण्यांची मुलगी. मुलगी माझ्या लॅपटॉपच्या अगदी जवळ येऊन बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

मसुदा मी मराठीतच करते आणि मोठ्यानं वाचते. घरफाळ्याची पावती मावशींच्या नावावर, लाईट बिल त्यांच्याच नावावर, कागद सगळे स्वच्छ. वाचत वाचत मी लाईटच्या अटीवर आले. एजंटाच्या जुन्या कागदात होतं, की भाडं पाच दिवस थकलं तर मालक लाईट-पाणी बंद करू शकेल. ही अट मी माझ्या मसुद्यात घेतली नव्हती. भाडं थकलं म्हणून लाईट-पाणी तोडायला कायद्याचीच मनाई आहे. पण ती का काढली ते दोघांसमोर सांगायला हवं म्हणून सांगितलं. मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं.

"माझ्या नावानं असलं लिवलं होतं?"

"त्या कागदात होतं, मावशी. तुमची सही आहे."

"मला कुणी वाचून दावलं न्हाय." थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "आमी बावीस वर्सं भाड्यानं काढली. एकदा मालकानं आठ दिस लाईट तोडली. पोरगं तापानं फणफणलेलं, आन् मी चिमणी लावून बसलेलो. मी असलं लिवीन व्हय?"

कोल्हापूरच्या जुन्या बायका अशाच बोलतात, मी बसलो, मी गेलो. भाडेकरूनं मान खाली घातली. त्याला तो कागद वाचता येत होता, त्यानं तो वाचलाही असणार आणि गप्प सही केली असणार. खोली हवी असली की माणूस कशावरही सही करतो.

मसुदा दोघांना पटला. मग फोटो घेतले आणि थंबची वेळ आली.

ऑनलाइन नोंदणीत दोन्ही बाजूंचा थंब मशीनवर घेऊन आधारशी जुळवावा लागतो. जुळला की हिरवी खूण येते, नाहीतर लाल. भाडेकरूनं उजवा अंगठा ठेवला. लाल. पुन्हा लाल. मी त्याचा हात उताणा करून बघितला. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून काढायच्या. हातमोजे असतात, पण बोटांची टोकं फाटलेले मोजे घालून माणसं पाळी काढतात. त्याच्या अंगठ्यावर रेषा म्हणून काही उरलंच नव्हतं, नुसती गुळगुळीत, चकाकणारी कातडी. त्यात जानेवारीचा गारठा. थंडीत कोरड्या हातांचे थंब तसेही लागत नाहीत.

अशा वेळी आमचे ठरलेले उपाय असतात. कोमट पाण्यात हात बुडवायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, बोट कपाळावरून फिरवायचं म्हणजे थोडा तेलकटपणा येतो. सगळं झालं. बाकीची बोटंही चालतात म्हणून एकेक करून पाहिली. उजव्या हाताची पाची गेली. डाव्याची तर्जनी, मध्यमा गेली. शेवटी डाव्या हाताची अनामिका ठेवली आणि हिरवी खूण आली. ग्राइंडर धरताना ते बोट सगळ्यांत कमी घासत असावं. त्याच्या बायकोनं देवाला हात जोडले.

मग मावशी.

त्यांनी हात साबणानं धुतले, लुगड्याला पुसले आणि अंगठा मशीनवर ठेवला. लाल. वेणी घालताना चामड्याच्या बारीक वाद्या दोन्ही हातांच्या सगळ्या बोटांतून फिरतात, ओल्या, ताणून धरलेल्या, दिवसभर. पन्नास वर्षं. दहा बोटं झाली, दहाही लाल. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या बायका दारात जमल्या. कुणी खोबरेल आणलं, कुणी म्हणालं मेण लावा, कुणी म्हणालं, रेशनला बी मावशीचा थंब लागत न्हाय, दर म्हैन्याला हीच तऱ्हा. पाऊण तास मी त्यांचं एकेक बोट हातात धरून काचेवर दाबत होते. त्यांची बोटं जाड, उबदार आणि कडक होती, नखांच्या कडांना चामड्याचा रंग मुरलेला.

चपलेच्या ज्या कडीत पायाचा अंगठा अडकतो तिलाही अंगठाच म्हणतात. समोर टोपलीत तसे पन्नास-साठ अंगठे शिवून पडले होते, एकासारखा एक. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही वस्तू इथलीच आणि या हातांचीच, हे सरकारनं मान्य केलं. आणि तेच हात स्वतःच्या घराच्या करारावर स्वतःचे म्हणून मान्य होत नव्हते. मला तिथं बसून रडू येईल असं वाटलं. मी पाणी मागितलं.

मावशी मात्र शांत होत्या. "न्हाय लागत तर न्हाय लागत. दुसरी वाट असंल न्हवं?"

वाट होती. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन करार नोंदवता येतो. तिथं दोन ओळखदार लागतात, म्हणजे पक्षकारांना ओळखणारी दोन माणसं, आपापलं ओळखपत्र घेऊन. पण त्यासाठी गुरुवारी सगळ्यांनी सकाळीच निघायला हवं होतं. भाडेकरूला खाडा पडणार होता. मावशींना शुक्रवारी चोवीस जोडांची ऑर्डर द्यायची होती. आणि मावशींचा यात काही फायदा नव्हता. खोल्या त्यांनी आधीच दिलेल्या, भाडं हातात आलेलं. दुसरा कुणी मालक असता तर म्हणाला असता, तुमच्या पोरीच्या शाळेचं तुम्ही बघा. असं म्हणणारे मी पाहिलेत. अनामत घ्यायला दोन्ही हात पुढं येतात आणि नोंदणीचं नाव काढलं की वेळ नसतो.

मावशींनी मुलीकडं बघितलं. "कितवीत जाणार?"

"पयलीत," ती म्हणाली.

"मग जायाच पायजे. किती वाजता येऊ मी?"

दारातल्या दोन बायका ओळखदार म्हणून आपणहून तयार झाल्या. रात्री घरी येऊन मी कार्यालयासाठीची डेटा एंट्री नव्यानं केली, प्रिंट काढल्या, चलनं भरली. स्टँप ड्युटी भाडं आणि अनामतीवरचं धरलेलं व्याज मिळून पाव टक्का, नोंदणी फी शहरात १००० रुपये. भाडेकरूनं तेवढे पैसे रात्रीच पाठवले. त्याचे आधीचे दीड हजार गेले ते गेलेच.

गुरुवारी सकाळी आम्ही सहाजण रिक्षा आणि स्कूटी मिळून पोचलो, मुलगी धरून सातजण. गर्दी होती. आमचा नंबर यायला दुपार झाली. मधल्या वेळात मावशींनी पिशवीतून वाद्या काढल्या आणि बाकावर बसून वेण्या घालायला लागल्या. मुलगी शेजारी बसून त्यांची बोटं बघत होती. थोड्या वेळानं त्यांनी तिच्या हातात तीन वाद्या दिल्या आणि आपली केसांची वेणी कशी असते तशीच घाल म्हणून सांगितलं.

आत गेल्यावर साहेबांनी कागद चाळले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "मावशी, हा करार तुम्ही स्वखुशीनं करून देताय का? वाचून घेतलाय?"

"व्हय. ह्या पोरीनं वाचून दावलाय. माझं घर हाय, मी देतोय."

फोटो झाला, थंब घेतला. तिथं तो आधारशी जुळवायचा नव्हता. स्क्रीनवर उमटला तो नुसता करडा डाग होता, रेषा नसलेला. मग साहेब ओळखदारांकडं वळले. "तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?"

त्यातली थोरली बाई जरा पुढं झाली. "मी ह्यांच्या शेजारी लगीन होऊन आलो. माझी तिन्ही बाळंतपणं ह्यांनी केल्यात. ह्या त्याच हैत."

साहेबांनी मान हलवली आणि सह्या घेतल्या. मी सहा वर्षांत कितीतरी हिरव्या खुणा पाहिल्या असतील. त्या बाईच्या बोलण्यानं मला जेवढी खात्री वाटली तेवढी एकाही खुणेनं कधी वाटली नव्हती.

चारच्या सुमारास नोंदणी झालेला करार हातात आला. भाडेकरूनं तो उभ्यानंच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. लाईट-पाण्याची अट नाही हे बहुधा त्यानं दोनदा पाहिलं. शुक्रवारी सकाळी त्यानं फॉर्म भरला. पुढं सोडतीत मुलीचं नाव पहिल्या यादीत आलं नाही, प्रतीक्षा यादीत आलं. त्यानं तसा मेसेज केला आणि खाली लिहिलं की तोवर महापालिकेच्या शाळेत घातलंय, बाई चांगल्या आहेत.

त्या दिवसापासून नवा फोन आला की भाडं आणि अनामत विचारायच्या आधी मी विचारते, हातानं कसलं काम करता? धुणं-भांडी, गवंडीकाम, फाउंड्री, चामडं, ऊसतोड असं काही असलं तर बोटं आधीच तपासून घ्यायला सांगते आणि दोन ओळखदार हाताशी ठेवायला सांगते. शेवटच्या दिवसावर ठेवू नका, हेही सांगते.

अकरा महिन्यांनी त्याच खोल्यांच्या नव्या करारासाठी फोन आला. भाडं मावशींनी वाढवलं नव्हतं. माझ्या फोनमध्ये त्या माणसाच्या नंबरापुढं लिहिलेलं होतं, 'डावी अनामिका', आणि मावशींच्या नंबरापुढं, 'थेट ऑफिस, शेजारणी येतील'.