हिरवा की सोनेरी: कप्तानाच्या सदऱ्याची सातवी नोंद

‘स्टार ट्रेक’ या जुन्या अमेरिकी अंतराळ-मालिकेतील कप्तानाच्या सदऱ्याची हुबेहूब प्रत मी शिवतो आहे. मागच्या नोंदीत तिच्या कापडाचा दुसरा नमुना रंगवून आल्याचे लिहिले होते. तोही आता बाद झाला आहे. बेळगावच्या वडगावातील रंगाऱ्यांनी दुकानातील ट्यूबलाइटखाली उलगडून दाखवला तेव्हा तो मला हवा तसा पिवळसर हिरवा वाटला, पण शहापुरात घरी आणून माजघरातील जुन्या पिवळ्या बल्बखाली धरला तेव्हा तो वाळलेल्या हळकुंडासारखा दिसू लागला. तिसऱ्या खेपेस गेलो तेव्हा ते वैतागून म्हणाले, ‘हिरवा पाहिजे की सोनेरी, काय ते एकदा ठरवून सांगा बघा.’ त्यांच्या वैतागात मूळ प्रश्न अगदी नेमका आला होता.

‘स्टार ट्रेक’ची मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात तयार झाली आणि तिच्या ७९ भागांत कप्तानाचा नेहमीचा सदरा प्रेक्षकांना सोनेरी दिसत राहिला. वेशभूषाकार विल्यम वेअर थीस यांनी वापरलेले कापड मात्र हिरवे होते. पहिल्या दोन वर्षांत हा सदरा व्हेलूरचा, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या विणीच्या कापडाचा होता, आणि स्टुडिओतील प्रखर दिव्यांखाली व त्या काळच्या फिल्मवर त्याचा हिरवेपणा उतरत नसे. कप्तानाचा समारंभाचा पोशाख आणि त्याचा आडव्या पदराचा दुसरा सदरा वेगळ्या कापडाचे होते, म्हणून ते पडद्यावर हिरवेच दिसतात. आम्ही ही मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी शेजाऱ्यांच्या कृष्णधवल संचावर पाहिली, त्यामुळे माझ्या आठवणीतील कप्तान करडाच आहे आणि या वादात माझी स्मृती साक्ष देऊ शकत नाही.

साक्ष देईल ते मूळ कापड, आणि तेही बाहेरून नव्हे. वापरलेल्या कपड्याचा बाहेरचा रंग घामाने, धुलाईने आणि उजेडाने उतरतो. शिवणीच्या आत सोडलेल्या मायेत, म्हणजे जादा कापडात मात्र तो बराचसा टिकतो, कारण तिथे उजेड पोचत नाही. हे व्हेलूर धुलाईत आटत असे आणि सदरे तोकडे होत, ही मालिकेच्या चमूची नेहमीची अडचण होती, म्हणून तिसऱ्या वर्षी कापडच बदलण्यात आले. एखाद्या सदऱ्याची माया उसवून पुन्हा शिवली आहे का, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे, जोड दिला आहे का, हे कळले तर कापड मूळ मापात किती होते तेही कळेल. हे सगळे काचेच्या पेटीत समोरून टांगलेल्या सदऱ्यावरून कळत नाही.

लिलावाविषयी माझी तक्रार इथून सुरू होते. ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावगृहाने या मालिका-परिवाराचे पोशाख, प्रतिकृती आणि मंचवस्तू तीन दिवस विकल्या. एक हजारांहून अधिक बोलीचे संच होते आणि एकूण विक्री ७० लाख डॉलरांच्या वर गेली. पुढच्या एका मालिकेतील ‘एंटरप्राइझ-डी’ या यानाच्या एका प्रतिकृतीलाच ५ लाख ७६ हजार डॉलर मिळाले. तीन दिवसांत हा साठा देशोदेशीच्या घरांत विखुरला. पोशाखाचा नवा मालक तो प्रेमाने ठेवीलही, परंतु दिवाणखान्यात उन्हासमोर ठेवील की संग्रहालये वस्त्रांसाठी पाळतात तशा ५० लक्सच्या मंद उजेडात ठेवील, हे त्याच्या मर्जीवर आहे. शिवण उघडून पाहू द्या, असे आपण त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

उलट उदाहरण मूळ मालिकेतील ‘एंटरप्राइझ’ यानाच्या, चित्रीकरणात वापरलेल्या मोठ्या प्रतिकृतीचे आहे. सुमारे अकरा फूट लांबीची ही लाकूड आणि प्लॅस्टिकची वस्तू स्टुडिओने १९७४ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या वॉशिंग्टन येथील हवाई व अंतराळ संग्रहालयाला दिली. तिथेही चुका झाल्या. १९९१ च्या सुमारास झालेल्या डागडुजीत बहुतेक भाग नव्याने आणि जरा जास्तच भडकपणे रंगवला गेला, आणि त्यावर आपल्यासारख्यांनी वर्षानुवर्षे बोटे मोडली. पण यानाच्या पुढच्या, तबकडीसारख्या भागाच्या वरच्या बाजूचा जुना रंग तेव्हा तसाच ठेवला होता. पुढच्या जतनकार्याच्या वेळी तोच रंग प्रमाण मानता आला. प्रतिकृतीची क्षकिरण तपासणी झाली, चाहत्यांकडून जुनी छायाचित्रे मागवण्यात आली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा प्रदर्शनात आली. संस्थेच्या ताब्यातील वस्तूची चूक पंचवीस वर्षांनी का होईना, दुरुस्त करता आली, कारण वस्तू आणि तिची कागदपत्रे एका छपराखाली होती.

तरीही ‘सगळे संग्रहालयात ठेवा’ असे मी म्हणणार नाही. याच यानाची सुमारे तीन फुटांची पहिली प्रतिकृती १९७० च्या दशकात कोणाला तरी वापरायला दिली गेली आणि परत आलीच नाही. २०२३ मध्ये ती एका ऑनलाइन विक्रीत अचानक दिसली आणि २०२४ मध्ये मालिकेच्या निर्मात्याच्या मुलाकडे पोचली. ती हरवली ती लिलावामुळे नव्हे, घरच्याच हलगर्जीपणामुळे. दुसरीकडे, कप्तानाची खुर्ची २००२ मध्ये लिलावात तीन लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकली गेली, पण घेणाऱ्या पॉल अॅलन या मायक्रोसॉफ्टच्या सहसंस्थापकांनी ती सिएटलच्या संग्रहालयात लोकांसाठी ठेवली. शिवाय हेही कबूल केले पाहिजे की माझ्या कामातील निम्मी मापे लिलावांच्या सचित्र यादींतील छायाचित्रांवरून घेतलेली आहेत. कपाटात कुलूपबंद असलेल्या सदऱ्याचे छायाचित्र कोणी काढले असते?

आमच्या भागात जुनी जरीची वस्त्रे विकत घेणारे दारावर येत असत. साडी वजनावर जायची, जर जाळून चांदी काढली जायची आणि काठाची वीण कायमची जायची. आजीची एक शहापुरी साडी अशीच गेली. तिच्या काठावर नेमकी कोणती नक्षी होती, यावर घरातील दोन आत्यांचे आजही एकमत होत नाही. त्यामुळे माझे मागणे फार मोठे नाही. एकाच धाटणीचे दहा सदरे असतील तर नऊ खुशाल विकावेत, पण एक ठेवावा; आणि विकायच्या प्रत्येक पोशाखाची आतली बाजू, चिठ्ठ्या, जोड आणि अस्तर यांची छायाचित्रे हातोडा पडण्याआधी काढून ती अभ्यासकांना खुली ठेवावीत. त्याने किंमत घटत नाही, उलट वस्तू अस्सल असल्याची खात्री पटते.

आता कामाकडे वळतो. बाहीच्या सोनेरी फितीचा प्रश्न सुटला आहे. कॅम्पात लष्करी गणवेश शिवणाऱ्या मास्तरांनी फीत टाचून दाखवली आणि वाकडी लागलेली माझी आधीची फीत पाहून काही न बोलता ती उसवून टाकली. काळ्या गळपट्टीचे कापड अजून मिळालेले नाही. श्रावणाच्या दमट हवेत लव चिकटून बसते, शिवाय ट्रंकेत कसर दिसली, म्हणून वेखंडाच्या पुरचुंड्या घातल्या आहेत आणि कापणी पाऊस ओसरेपर्यंत पुढे ढकलली आहे.

रंगाऱ्यांना शेवटी ‘हिरवा’ असे सांगितले. तिसरा नमुना आल्यावर ट्यूबलाइट, पिवळा बल्ब आणि दुपारचे ऊन अशा तीन उजेडांत त्याची छायाचित्रे काढून पुढच्या नोंदीत देईन. मुंढ्यात एक इंच माया सोडणार आहे, आणि डाव्या शिवणीच्या आत तिन्ही नमुन्यांचे चिमूटभर तुकडे, प्रत्येकाची तारीख लिहून, टाचून ठेवणार आहे.