जीपच्या ऑइलचा नमुना: चेंबरच्या नटाऐवजी डिपस्टिकच्या नळीतून

माझ्या जुन्या महिंद्रा जीपमध्ये प्यूजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आहे. ते उघडण्याची वेळ लवकर येऊ नये म्हणून मी त्याचे ऑइल नियमितपणे प्रयोगशाळेत तपासून घेतो. या खेपेपासून नमुना घेण्याची जागा बदलली आहे.

आजवर ऑइल बदलतानाच, चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट काढून, पहिली धार वाहू देऊन मधल्या धारेखाली बाटली धरत असे. ही पद्धत सर्वमान्य आहे. परंतु कोकणात फिरणाऱ्या गाडीच्या चेंबरखाली जांभ्याची लाल माती घट्ट बसलेली असते आणि तिच्यात सिलिकॉनबरोबर लोह व ॲल्युमिनियमही भरपूर असते. त्यामुळे नटाच्या आट्यांतून बारीक धूळ बाटलीत गेली, तर अहवालात लोखंडी लायनर (सिलिंडरचे अस्तर) आणि ॲल्युमिनियमचे पिस्टन झिजल्याचा भास होतो. नट डिझेलने धुणेही टाळावे, कारण त्याचे चार थेंब मिसळले तरी ऑइलमध्ये इंधन उतरत असल्याची शंका निघू शकते. कोरडा ब्रश आणि धागे न सुटणारे फडके बरे.

आता हातपंपाला बाटली लावून, डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीच्या) नळीतून पारदर्शक प्लास्टिकची बारीक नळी आत सोडतो. ती आधी डिपस्टिकला लावून मोजतो आणि टोक खालच्या खुणेच्या किंचित खाली, पण तळापासून बरेच वर राहील अशा बेताने वर खूण करून ठेवतो. टोक तिरपे कापलेले असावे, म्हणजे ते कुठे टेकले तरी बंद होत नाही. जीप चांगली फिरवून आणल्यावर, ऑइल गरम आणि ढवळलेले असतानाच नमुना काढतो. सुरुवातीचे थोडे ऑइल वेगळ्या बाटलीत टाकून देतो, खरी बाटली ऐन वेळी उघडतो आणि पाऊण भरतो, कारण तपासणीपूर्वी ती हलवायला आत जागा लागते. नळी दर वेळी नवी घेतो. तिथे काटकसर नको.

चिठ्ठीवर ऑइलची श्रेणी, त्यावर झालेले किलोमीटर आणि मध्ये वरून घातलेले ऑइल लिहितो. शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, पण नव्या ऑइलने झिजेचे आकडे पातळ होतात. त्याच डब्यातील न वापरलेल्या ऑइलचाही एक नमुना पाठवला आहे. मुळातले घटक कळल्याशिवाय तुलना कशाशी करणार?

यंदाच्या अहवालात सिलिकॉन वाढले आहे, लोह आणि ॲल्युमिनियम मात्र पूर्वीच्याच पातळीवर आहेत. हवेतून धूळ गेली असती, तर सहसा तिन्ही वाढले असते. नुकतेच टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण) सिलिकॉन सीलंट लावून बसवले असल्याने माझा संशय त्यावर आहे. तरीही ऑइल-बाथ एअर क्लीनरची (ऑइलमध्ये धूळ अडवणाऱ्या हवेच्या गाळणीची) जोडणी तपासून, हेच ऑइल ठेवून पावसाळ्यानंतर पुन्हा नमुना काढणार आहे.