अँडी कोण?

इंग्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाचा फोन गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. नोकरी सांभाळून करायचं हे बिनपगारी काम. फोन बहुतेक खोलीसाठी येतात, थोडे बँक खात्यासाठी, आणि ऑगस्टात ढोल कुणाकडे मिळेल म्हणून. त्यामुळे त्या शनिवारी पलीकडून एका इंग्रज बाईंनी जे विचारलं ते मला आधी कळलंच नाही. "तुमच्यापैकी कुणी अँडी आहे का?"

शनिवारी आमची मराठी शाळा भरते. जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, भाषांमध्ये बंगाली आहे, गुजराती, पंजाबी, उर्दू आहे, मराठी नाही. म्हणजे मार्कांचं आमिष दाखवायची सोय नाही. मुलं येतात ती आईबापांच्या हट्टापायी, आणि खरं सांगायचं तर मधल्या सुट्टीसाठी. वर्ग चालू असताना मी मागच्या टेबलावर बसते. इंग्लंडमध्ये नव्याने आलेले तिथेच येऊन भेटतात.

त्या दिवशी समोर एक एमएस्सीला आलेली मुलगी होती. दोन आठवडे वर्गमैत्रिणीच्या सोफ्यावर झोपत होती. कुणा एजंटाने व्हॉट्सॲपवर खोलीचे फोटो पाठवले होते आणि सहा आठवड्यांचं भाडं अनामत म्हणून आजच भरा, नाहीतर खोली जाईल, असं तिला घाईवर घेतलं होतं. खोली तिने पाहिलेलीच नव्हती. मी तिला सांगितलं, "एक पौंडही पाठवू नकोस." 2019 च्या कायद्यानुसार अशा खोलीसाठी पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येत नाही. शिवाय घर भाड्याने देणाऱ्या मालकाला ती 30 दिवसांत सरकारमान्य ठेव योजनेत ठेवावी लागते. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणेन. ती वहीत उतरवून घेत होती, तेवढ्यात हा फोन.

बाई एका केअर होमच्या व्यवस्थापिका होत्या. त्यांच्याकडे एक आजी. स्मृतिभ्रंश. मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते, असं पुष्कळांच्या बाबतीत होतं. या आजींचं इंग्रजी दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपलं होतं. अंघोळीला न्यायला गेलं की ओरडायच्या, हात झटकायच्या आणि सारखं अँडी, अँडी म्हणायच्या. फाइलमध्ये "आक्रमक" असा शेरा पडला होता, औषध वाढवायचं का याची चर्चा चालू होती. मुलगा कॅनडात, त्यालाही अँडी माहीत नव्हता. शेवटी आजींच्या पर्समध्ये मंडळाचं जुनं सभासद कार्ड सापडलं.

मी मुलीला म्हटलं, "चल गाडीत बस, वाटेत बोलू." तिला नेण्यामागे काही योजना वगैरे नव्हती. तिचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, एवढंच.

तिथे मी आपली अनुभवी बाई म्हणून थेट ऑफिसात. व्यवस्थापिका आणि मी फाइल उघडून बसलो. अँडी म्हणजे आनंद असेल का? की अनंत? दीर असतील, लहानपणी गेलेला भाऊ असेल. आजींच्या माहेरचं नाव शोधत मी कागदावर चक्क वंशावळ काढायला घेतली होती. वीसेक मिनिटं गेली असतील. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"काकू, आजींना थंडी वाजतेय."

तिने त्यांना शाल पांघरली होती आणि खिडकी लावून घेतली होती. न्हाणीघर गार, बाहेर कॉरिडॉर गार, आणि कपडे मात्र खोलीतच उतरवून न्यायचे. थंडी, थंडी. व्यवस्थापिकेला समजावून सांगताना मला हसू आलं आणि मग शरम वाटली, कारण आनंदच्या मागे मीही धावले होते. आजींशी एक शब्द बोलायच्या आधी मी कागद उघडले होते.

पुढचं झटपट झालं. हीटर आधी लावायचा, टॉवेल गरम करून ठेवायचा. पाणी, दुखतंय, नको, बास अशा विसेक शब्दांची उच्चारासकट यादी मुलीने करून दिली, ती पलंगाशेजारी चिकटवली. औषधाचा विषय तूर्त मागे पडला.

निघताना आजी मुलीचा हात सोडेनात. "कुठे उतरलीस?" त्यांनी विचारलं. मुलगी गडबडली, म्हणाली मैत्रिणीकडे. "सोय नाही ना? मग आमच्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. यांना सांगते, विमानतळावर येतील."

त्यांचं घर विकून बरीच वर्षं झाली असणार.

संध्याकाळी शाळेचं सामान ठेवताना मी कपाटातून जुनी वही काढली. सत्तरच्या दशकातली, इथे येणाऱ्या लोकांची नोंद: नाव, विमान, हीथ्रोवर कोण घ्यायला जाणार, उतरण्याची सोय. आजवर तिचा उपयोग मी फक्त वर्धापनदिनाच्या प्रदर्शनात, काचेखाली ठेवायला केला होता. शेवटच्या रकान्यात आजींचं आडनाव मी सतरा वेळा मोजलं. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पुढे बारीक अक्षरात "मागची खोली".

शेवटच्या नोंदीखाली अर्धं पान कोरं होतं. मुलीचं नाव मी तिथे लिहिलं नाही. तिची सोय अजून व्हायची होती.